कांदा-लसूण चटणीचा धंदा: बँकेनं परत धाडलेला प्रोजेक्ट रिपोर्ट

मंगळवारपेठेतली_सून | ११ फेब्रुवारी २०२४, रात्री १०.४०

नमस्कार. बरीच वर्षं इथं नुसती वाचते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

आमच्या सासूबाई तीस वर्षं ओळखीपाळखीत चटणी करून देतात. गेल्या उन्हाळ्यात दोघींनी मिळून ४०० किलो दिली. बहुतेक माल पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांकडे आणि त्यांच्या शेजाऱ्यांकडे गेला. यंदा रीतसर धंदा करायचा म्हणून गाळा बघितला, डंकाचं (मिरची-मसाला कांडायच्या यंत्राचं) कोटेशन घेतलं, आणि कर्जासाठी एकाला ७,००० रुपये देऊन प्रोजेक्ट रिपोर्ट करून घेतला. ३८ पानं, स्पायरल बाइंडिंग, पुढं अंबाबाईच्या देवळाचा फोटो.

परवा बँकेत गेले. साहेबांनी तो पुढून मागून चाळला आणि दोनच गोष्टी विचारल्या. "मिरची वर्षातून किती वेळा घेता?" आणि "दुकानदार पैसे किती दिवसांनी देतात?" पहिल्याचं उत्तर मला येत होतं, पण ते रिपोर्टात कुठंच नव्हतं. दुसऱ्याचं मलाच येत नव्हतं. साहेब म्हणाले, "हे तुम्ही लिहिलेलं नाही. तुम्ही लिहून आणा, मग बोलू."

वाईट वाटलं, पण त्यांचं चुकलं असंही म्हणवत नाही. आता हे लिहायचं कसं? सुरुवात कुठून करायची? मिरचीचा हंगाम तर सुरू झालाय.

उद्यमनगर_भावा | ११ फेब्रुवारी, रात्री ११.०५

३८ पानं! आमच्या फाउंड्रीचा रिपोर्ट ११ पानांचा होता आणि त्यात भट्टी होती. नाद खुळा. 😀

माजी_शाखाधिकारी | १२ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सूनबाई, मी बत्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी याच जिल्ह्यात. तुम्हाला भेटलेला माणूस चांगला आहे. वाईट असता तर "बघतो" म्हणून रिपोर्ट कपाटात टाकला असता आणि तुम्ही मे महिन्यापर्यंत हेलपाटे घातले असते.

असे रिपोर्ट कसे होतात ते सांगतो. एक मसाल्याचा साचा असतो, त्यात नाव-पत्ता बदलतात. पहिल्या वर्षी क्षमतेच्या ६० टक्के, दुसऱ्या वर्षी ७०, तिसऱ्या वर्षी ८०. विक्री दरवर्षी वाढणार, मिरचीचा भाव मात्र पाच वर्षं तोच. एकदा तर माझ्याकडं पापडाच्या रिपोर्टात आठव्या पानावर "सदर फरसाण उद्योग" असं आलं होतं.

आम्ही बघायचो ते थोडंच असतं. हप्ता कुठल्या पैशातून येणार? माणसाला धंद्याची नस माहीत आहे का? स्वतःचे किती घालतोय? आणि आधीचं कर्ज वेळेवर फेडलंय का? बाजारपेठेवरचा निबंध कुणी वाचत नाही. "भारत हा मसाल्यांचा देश आहे" हे वाक्य दिसलं की मी दोन पानं एकदम उलटायचो.

एक विनंती आहे. रिपोर्टातले आकडे आणि तुमच्या मनातले खरे आकडे, दोन्ही इथं टाका. त्याशिवाय सगळं हवेत राहील.

पुण्यात_अडकलेला | १२ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

चटणी मिळेल का? २ किलो, मध्यम तिखट. इकडं डब्यावर 'कोल्हापुरी' लिहून काय विकतात ते आईला सांगायची सोय नाही.

मंगळवारपेठेतली_सून | १२ फेब्रुवारी, रात्री ९.५०

आकडे टाकते. हसू नका.

रिपोर्टात: वर्षाला ६,००० किलो, ५०० रुपये किलो, म्हणजे ३० लाखांची विक्री, सगळी रोख. प्रकल्प ६ लाखांचा, त्यात आमचे ६०,००० आणि कर्ज ५ लाख ४० हजार. खेळतं भांडवल, म्हणजे माल भरायला आणि उधारी सांभाळायला लागणारा पैसा, ६०,०००.

माझे खरे: महिन्याला २५० किलो जाईल असं वाटतं. त्यातली निम्मी दुकानांना ४२० ने आणि निम्मी घरपोच, कुरिअर वजा जाता ५०० ने. आमच्या प्रमाणात एक किलो मिरचीची दोन किलो चटणी होते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिळून मिरची सरासरी २६० रुपये किलो धरलीय. कांदा, लसूण, खोबरं, तीळ, धणे, गरम मसाला, तेल, मीठ मिळून २०० रुपये. म्हणजे दोन किलोला ४६०, एका किलोला २३०. शिवाय देठ काढणाऱ्या आणि भाजणाऱ्या बायकांची मजुरी किलोला ५०, पाकीट-लेबल-गॅस २०, डंकाची वीज १०. एकूण ३१०.

महिन्याचा ठरलेला खर्च: गाळाभाडं ९,०००, एक कायमचा माणूस ११,०००, पेट्रोल-फोन-किरकोळ ५,०००. हप्ता पाच वर्षांसाठी साधारण १२,०००. मला स्वतःला १५,००० सुटले तरी बास.

सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मी तीस वर्षं चटणी करतो, एवढं कधी लिवलं न्हाई." (आमच्याकडं बायकाही 'करतो'च म्हणतात, पुणेकरांनी दचकू नये.)

खतावणी | १३ फेब्रुवारी, दुपारी १.२०

ताई, जमाखर्च लिहिणं हाच माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

तुमची सरासरी विक्री ४६० रुपये आणि किलोमागचा खर्च ३१०. म्हणजे एक किलो विकली की १५० रुपये हातात राहतात. बाकी सगळं या दीडशेतून भागवायचं. आता हे तीन आकडे मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर चिकटवा:

भाडं, पगार, पेट्रोल = २५,००० ÷ १५० = १६७ किलो. एवढी विकली तर दुकान उघडं राहतं, इतकंच.

त्यात तुमचे १५,००० धरले तर ४०,००० ÷ १५० = २६७ किलो.

त्यात हप्ता धरला तर ५२,००० ÷ १५० = ३४७ किलो.

आणि तुम्ही म्हणताय २५० जाईल. म्हणजे ३७,५०० येणार, २५,००० खर्चाला, १२,००० हप्त्याला. महिनाभर खपून तुमच्या हाती ५०० रुपये. ७,००० च्या रिपोर्टानं हे का दाखवलं नाही? कारण त्यानं विक्री दुप्पट धरली आणि मालकिणीची मजुरी शून्य. बायकांच्या धंद्यात हे नेहमी होतं. घरच्या बाईचा वेळ फुकट धरायचा आणि नफा दाखवायचा.

ही झाली अर्धी गोष्ट. तुमच्या साहेबांनी विचारलं ते याहून महत्त्वाचं आहे. वर्षाची ३,००० किलो चटणी म्हणजे १,५०० किलो मिरची. ती हंगामातच घेणार ना? १,५०० × २६० = ३ लाख ९० हजार, आणि तेही मार्च-एप्रिलमध्ये. दुकानांची विक्री महिन्याला १२५ × ४२० = ५२,५००. दुकानदारानं दीड महिना लावला, तर ७८,७५० कायम त्याच्याकडं अडकलेले. बेरीज करा, पावणेपाच लाखांच्या घरात जाते. आणि रिपोर्ट म्हणतो खेळतं भांडवल साठ हजार!

वर्षाच्या नफा-तोट्यात हे दिसतच नाही. तिथं नफा छान दिसेल आणि एप्रिलमध्ये तुमच्याकडं लसूण आणायला पैसे नसतील. म्हणून एक कागद आडवा धरा. वर मार्च ते फेब्रुवारी असे बारा महिने. खाली प्रत्येक महिन्याची सुरुवातीची शिल्लक, खरोखर हातात आलेले पैसे, खरोखर दिलेले पैसे, शेवटची शिल्लक. 'विकली' आणि 'पैसे आले' या दोन वेगळ्या ओळी. जिथं शिल्लक वजा होते, तो महिना लाल करा. बँकेत तोच कागद सगळ्यात वर लावा.

माजी_शाखाधिकारी | १३ फेब्रुवारी, सायंकाळी ६.००

खतावणींचं बरोबर. थोडी भर घालतो. लहान उद्योगाचं खेळतं भांडवल काढायला बँकेत एक जुना ठोकताळा आहे: अंदाजित वार्षिक विक्रीच्या २५ टक्के गरज धरायची, त्यातले २० टक्के बँक देते आणि ५ टक्के तुम्ही घालायचे. तुमची खरी विक्री धरली तर वर्षाला १३ लाख ८० हजार होतात. त्याचे २० टक्के २ लाख ७६ हजार, तुमचे ६९ हजार, मिळून ३ लाख ४५ हजार. आणि गरज पावणेपाच लाखांची. हा ठोकताळा वर्षात चार वेळा माल फिरतो असं धरतो, आणि तुमची मिरची वर्षातून एकदाच येते. म्हणून साहेबांनी तो प्रश्न विचारला.

मशीनचं मुदत कर्ज (ठरलेल्या हप्त्यांनी फेडायचं) आणि मालाचं कॅश क्रेडिट (मर्यादेत लागेल तसं काढायचं, पैसे आले की भरायचं) वेगवेगळं मागा. मशीनच्या पैशातून मिरची घेतली की पहिल्याच वर्षी खातं आजारी पडतं. अशी खाती मी ढिगानं बघितली आहेत.

गंगावेशी | १३ फेब्रुवारी, रात्री ८.४५

मला मूळ प्रश्न वेगळा वाटतो. कोल्हापुरात चटणी विकणार कुणाला? इथं घरोघरी करतात, आणि प्रत्येक घराला वाटतं आपलीच भारी.

मंगळवारपेठेतली_सून | १३ फेब्रुवारी, रात्री ९.१०

मलाही तीच भीती होती. पण गेल्या वर्षीच्या वहीतली नावं मोजली. ४०० पैकी साधारण २९० किलो गावाबाहेर गेली. उरलेल्यांत फ्लॅटमध्ये राहणारे बरेच. त्यांना मिरची वाळवायला गच्ची नाही, आणि भाजायला घेतली की खालचा मजला खोकत वर येतो.

खतावणी | १३ फेब्रुवारी, रात्री ९.२५

ही वही रिपोर्टात लावा! कुणी, किती, कितीला घेतली आणि पुन्हा घेतली का. नावं झाका हवं तर. ३८ पानांत हा एक पुरावा नव्हता आणि तुमच्याकडं तो कपाटात पडून होता.

डंकवाला_आबा | १४ फेब्रुवारी, सकाळी ६.५०

वैनी, आमचा डंक हाय, वडलांपासनं. दोन गोष्टी सांगतो, राग मानू नका.

एक. मिरचीचा हिशोब चुकलाय. २६० नं घेतलेली मिरची तशीच्या तशी चटणीत जात न्हाई. सौद्यात, म्हंजे मिरचीच्या लिलावात, माल येतो त्यात ओल असती. दोन उन्हं दिली की वजन उतरतंय. मग देठ. दोन्ही मिळून शंभराची अठ्ठ्याऐंशी धरा. लई ओला माल असला तर आनि खाली. गडहिंग्लजच्या सौद्याला जावा, ब्याडगीला जावा, मूठभर मिरची हातात घ्या अन् दाबा. कडाकडा वाजली तर घ्या. मऊ लागली तर भाव उतरवा, न्हाईतर सोडा. ओली मिरची पोत्यात ठेवली की पावसाळ्यात आतनं बुरशी, मग ती फुकट बी नको.

दुसरं. डंक घेऊ नका. आमचा फेब्रुवारी ते मे चालतोय, रात्री बारापातुर. मग पाऊस लागला की निस्ता उभा. कधी हळद, कधी मसाला, बास. तुम्ही वरसभर थोडी थोडी कांडनार, तवा आमच्यासारख्याकडं आणा. मोकळ्या दिवसांत किलोला ३० नं कांडून देतो की. तुमची भाजनी, तुमचं प्रमाण, तुम्ही समोर उभ्या ऱ्हावा. डंकासाठी थ्री फेज घ्या, पाया घाला, शेजाऱ्यांची भांडनं ऐका, कशाला पायजे?

खतावणी | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.१५

आबा, ही ओळ कुठल्या अभ्यासक्रमात नाही. शंभराची ८८ धरली तर साफ मिरची २९५ ला पडते. चटणीच्या किलोमागं साडेसतरा रुपये वाढले. दीडशेचे १३२ झाले, आणि ताईंचा ३४७ चा आकडा ३९४ वर गेला. १,५०० किलो साफ मिरचीला १,७०० किलो विकत घ्यावी लागणार, म्हणजे ४ लाख ४० हजारांच्या वर.

उद्यमनगर_भावा | १४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

३८ पानं एका मुठीत दाबली आबांनी.

अर्जवाली | १५ फेब्रुवारी, दुपारी ३.३०

योजना-परवान्यांचं मी सांगते, आत्ता २०२४ मध्ये जे नियम आहेत ते. मीही याच वाटेनं गेलेय (नाचणीचे लाडू).

तुमच्यासाठी पीएमएफएमई बघा, म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. प्रकल्पाच्या ३५ टक्के अनुदान, कमाल १० लाख, आणि स्वतःचे किमान १० टक्के. आपल्या जिल्ह्याचं नेमलेलं उत्पादन गूळ आहे म्हणून लोक मागं फिरतात, पण मसाल्यालाही अर्ज करता येतो. कृषी विभागाकडून ती चालते. अर्ज करायला जिल्हा संसाधन व्यक्ती मदत करते, आणि तिचं मानधन सरकार देतं. तुमच्याकडून कुणी मागितलं तर देऊ नका. दुसरी पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम, ती जिल्हा उद्योग केंद्राकडून. ती फक्त नव्या उद्योगाला. एकाच मशीनवर दोन्ही अनुदानं मिळत नाहीत.

महत्त्वाचं म्हणजे अनुदान हातात येत नाही. ते तीन वर्षं बाजूला पडून राहतं आणि खातं चांगलं चाललं तर कर्जात वळतं होतं. मी पहिल्या वर्षी ते जमेत धरलं आणि तोंडावर आपटले. बारा महिन्यांच्या कागदावर अनुदानाची ओळ लिहूच नका.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, फुकट होते, ऑनलाइन. त्याचेही पैसे घेणारे बसलेत. अन्न परवान्याचं: वर्षाची विक्री १२ लाखांच्या आत असेल तर साधी नोंदणी, वर्षाला १०० रुपये. तुमचे १३ लाख ८० हजार होतात, म्हणजे राज्य परवाना लागेल. जीएसटी मालाला ४० लाखांपर्यंत नाही, असं सगळे सांगतील. पण राज्याबाहेर माल पाठवला की विक्री कितीही असो, नोंदणी लागते. आणि आपल्याला राज्याबाहेर म्हणजे बंगळूर नव्हे, निपाणी!

माजी_शाखाधिकारी | १५ फेब्रुवारी, सायंकाळी ५.१०

आणि तारण. सूक्ष्म-लघु उद्योगाला १० लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेनं तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा आजचा (२०२४ चा) दंडक आहे. घर गहाण टाकायला कुणी सांगितलं तर नम्रपणे हे विचारा. नम्रपणेच.

शाहूपुरी_तिसरी_गल्ली | १५ फेब्रुवारी, रात्री ११.३०

मी एवढंच विचारतो. गाळा कुठं बघितलाय?

माझं स्टेशनरीचं गोडाऊन होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी आलं तेव्हा माल माळ्यावर टाकला, तरी निम्मा गेला. जुलै २०२१ मध्ये पुन्हा. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. पण माझ्या प्रोजेक्ट रिपोर्टात 'पूर' हा शब्दच नव्हता. विमा होता, फक्त फर्निचरचा. मालाचा नव्हता. मीच वाचला नव्हता.

तुमची मिरची पावसाळ्यात पूर्ण भरलेली असणार. लाखांचा माल आणि जुलै-ऑगस्ट, दोन्ही एकदम.

मंगळवारपेठेतली_सून | १६ फेब्रुवारी, सकाळी ८.००

दुधाळीच्या बाजूला, म्हणजे पुराच्या पट्ट्यातच बघितला होता. भाडं कमी म्हणून. आज सकाळी मालकांना नाही कळवलं. दादा, आभार.

गंगावेशी | १६ फेब्रुवारी, सकाळी ९.२०

४२० ला दुकानात देऊन दुकानदार कितीला विकणार? ५२०-५३०. आणि तुम्ही घरपोच त्याच भावात देता. दुकानदार कळल्यावर माल ठेवेल का? यावर कुणी बोललं नाही.

खतावणी | १६ फेब्रुवारी, दुपारी १२.००

खरंय, माझ्याही लक्षात आलं नव्हतं. छापील किंमत एकच ठेवायची आणि घरपोच गिऱ्हाइकाकडून कुरिअर वेगळं घ्यायचं. किंवा पहिलं वर्ष दुकानंच नकोत. किलोमागं ८० रुपये कमी आणि वर दीड महिन्याची उधारी. दुकानांत जाऊन विक्री वाढते, पण ताईंच्या हातात तेवढा काळ टिकायला पैसे आहेत का, हा प्रश्न आहे.

पुण्यात_अडकलेला | १७ फेब्रुवारी, सकाळी १०.००

कुरिअर वेगळं द्यायला तयार आहे. २ किलोचं काय झालं?

मंगळवारपेठेतली_सून | ३० मार्च २०२४, रात्री १०.१५

दीड महिन्यानं येतेय. घरात सगळीकडं मिरची आहे, डोळे चोळत टाइप करतेय.

नवा रिपोर्ट चार पानांचा झाला. पहिल्या पानावर बारा महिन्यांचा कागद. दुसऱ्यावर गेल्या वर्षीच्या वहीचा गोषवारा: किती घरं, किती किलो, किती जणांनी पुन्हा घेतली. तिसऱ्यावर एका किलोचा खर्च, आबांच्या ८८ सकट. चौथ्यावर मिरचीचा भाव ३२० झाला तर काय, आणि माल भिजला तर काय.

डंक काढून टाकला. कांडप आबांकडं, भाव तेच म्हणाले तो. भाजायचं यंत्र, काटा आणि पाकीट बंद करायचं मशीन एवढंच घेतेय. १ लाख ६० हजारांत बसतं, ६० आमचे, १ लाख कर्ज. हप्ता २,२०० च्या आसपास. गाळ्याऐवजी उंचावर एक खोली ४,००० भाड्यानं. कायमचा माणूस नाही. किरकोळ ४,०००. मला १२,००० धरले, सासूबाई म्हणाल्या निम्मे माझे.

कांडप बाहेर गेल्यानं १३२ मधून ३० गेले, वीज वाचली तिचे १० परत आले. किलोला ११२ राहतात. २२,२०० ÷ ११२ = १९८ किलो. ३९४ वरून १९८! आणि या आकड्यात माझा पगार आहे.

महिन्याला २०० किलो चटणी धरून मिरची निम्म्याच वर्षाची घेतली. ६०० किलो साफ व्हावी म्हणून ६८० किलो, पावणेदोन लाख गेले. त्यातले काही सासूबाईंच्या पुरचुंडीतले. उरलेली पुढं भाव बघून घेणार. महाग पडली तर काय, ते चौथ्या पानावर आहेच. गडहिंग्लजला सासूबाईच गेल्या होत्या. त्यांनी मूठ दाबली, दोन पोती परत केली, तिसऱ्याला किलोमागं १२ रुपये उतरवले. मी वही धरून मागं उभी.

बँकेत परवा गेले. साहेबांनी पहिलं पान वाचलं, पेन्सिलीनं ऑगस्टवर गोल केला आणि विचारलं, "इथं फक्त ३,४०० शिल्लक दिसते. गणपतीच्या आधी बायकांची मजुरी कशातून देणार?" कबूल करते, तेवढं मला सुचलं नव्हतं. त्यांनी ५०,००० चं कॅश क्रेडिट जोडून अर्ज पुन्हा मागितलाय. मंगळवारी देते. मंजूर झालं की नाही ते कळवेन.

दुकानं या वर्षी दोनच, आणि तीही रोख देणारी. महाद्वार रोडच्या एकानं पंचेचाळीस दिवसांची उधारी मागितली, त्याला अजून उत्तर दिलेलं नाही. त्याच्याकडं गिऱ्हाईक खूप आहे. काय करू?

डंकवाला_आबा | ३१ मार्च, सकाळी ६.३०

पाच किलो द्या त्याला. पैशे आले की दुसरी पाच.

आनि वैनी, मंगळवारी आणू नका, त्या दिवशी नंबर लई हायेत. बुधवारी सकाळी लवकर या.

पुण्यात_अडकलेला | ३१ मार्च, सकाळी ९.४५

ताई, २ किलो.

मंगळवारपेठेतली_सून | ३१ मार्च, सकाळी ९.५०

बुधवारी कांडून झाली की गुरुवारी टाकते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा. कुरिअर वेगळं पडेल.